कॅरव्हॅनच्या मागे उभे राहणारे माणूस

मित्रांनो, मला घर म्हणावे की गाडी, हे माझे मलाही कधी नीट कळले नाही. माझ्या पोटात पलंग आहे, ओटा आहे, फ्रीज आहे, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आहेत. पोटाखाली चाके आहेत, पण इंजिन नाही. कोणी गाडीला जोडून ओढून नेले तर मी जाते. सोडून दिले तर सोडले तिथेच उभी राहते. माझ्यासारखीला कॅरव्हॅन म्हणतात. मी जुनी झाले आहे. सध्या ॲडलेड शहराबाहेर ब्रॉन्विन नावाच्या बाईच्या अंगणात निलगिरीखाली माझा मुक्काम आहे. झाडाची साल गळून माझ्या छतावर साचते, आणि तिच्यात पावसाचे पाणी मुरते.

माझा जन्म मेलबर्नच्या कडेला, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लाकडाचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे. माझ्या शेजारी तयार होणाऱ्या बहुतेक बहिणींना एकच आस आणि दोन चाके होती. मला मात्र दोन आस आणि चार चाके बसवली. मला मागवणाऱ्यांना मोठा पलंग हवा होता आणि वर्षातले निम्मे दिवस बाहेर काढायचे होते. एवढा भार दोन चाकांना झेपला नसता.

मला घ्यायला आले ते क्लेम आणि नेरिडा ट्रेवॉरो. क्लेम यॉर्क द्वीपकल्पावर पवनचक्क्यांचे पंप दुरुस्त करायचा. उंच, वाकलेला, कमी बोलणारा, आणि त्या पंपांच्या खडखडाटाने कानाने थोडा मंद. नेरिडा ठेंगणी आणि खणखणीत आवाजाची. गावच्या शाळेसमोर उभी राहून मुलांना रस्ता ओलांडून देण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले होते. तिने हात वर केला की बार्लीने भरलेले मोठाले ट्रकसुद्धा जागच्या जागी थांबत. दोघे आता निवृत्त झाले होते. त्यांची एकुलती मुलगी ब्रॉन्विन शहरात नोकरी करत होती.

तुम्ही म्हणाल, कॅरव्हॅन ओढत न्यायची आणि उभी करायची, त्यात काय मोठेसे? पण, मित्रांनो, जमीन कधी सपाट नसते. दिसते सपाट, उभे राहिले की कळते. मी कलती उभी राहिले तर आतल्या माणसाच्या डोक्यात झोपेत रक्त उतरते, मोरीतले पाणी कोपऱ्यात तुंबते, दार आपोआप उघडते, आणि माझा गॅसवरचा फ्रीज थंड करायचे सोडून देतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिले काम एकच, मला सपाट बसवणे.

हे काम दोघांचे आहे. मी गाडीला जोडलेली असतानाच माझी जी बाजू खाली असेल, त्या बाजूच्या दोन्ही चाकांमागे उतरते कापलेले लाकडी ठोकळे ठेवायचे. दोन्ही चाकांमागे, हे महत्त्वाचे. एकच चाक चढवले तर सगळा भार त्या एकट्यावर येतो आणि दुसरे नुसते लोंबकळत राहते. मग एकाने गाडी हळूहळू मागे घ्यायची आणि दुसऱ्याने माझ्या मागे उभे राहून खुणा करायच्या. चाके हवी तेवढी चढली की थांबायचे. चाकांना उट्या लावायच्या, म्हणजे ती घरंगळत नाहीत. पुढच्या दांड्यावरचा हातब्रेक ओढायचा आणि मगच गाडी सोडवायची. नाकाशी एक छोटे चाक आहे. त्याचे हँडल फिरवून माझे नाक वर-खाली करायचे. शेवटी चार कोपऱ्यांचे चार पाय खाली सोडायचे की झाले.

गाडी चालवायचा क्लेम. मागे उभी राहायची नेरिडा.

"ये... ये... अजून ये... थांब! थांब म्हटलं ना, क्लेम!"

"ऐकू नाही आलं."

"ऐकायला कोण सांगतंय? हात दिसला नाही का?"

"तू दिसलीस तर हात दिसेल ना! कॅरव्हॅनमागे लपून कसल्या खुणा करतेस?"

"आरशात मी दिसत नसले तर गाडी हलवायची नाही, ठरलंय ना आपलं? शाळेतली पोरंसुद्धा तुझ्यापेक्षा बरं ऐकायची."

"त्यांना तुझ्याबरोबर राहायचं नव्हतं."

एवढे झाले की दोघे हसायचे. क्लेम माझ्या दारातल्या फरशीवर पातळी दाखवणारी आपली जुनी पाणसळ ठेवायचा, गुडघे टेकून तिच्यातला बुडबुडा बघायचा. नेरिडाचा पाणसळीवर विश्वास नसे. ती कपभर चहा ओतायची, टेबलावर ठेवायची आणि कपाच्या कडेला डोळा लावून बसायची. "जमलं," असे ती म्हणाली म्हणजे जमले.

कितीतरी समुद्रकिनारे आम्ही पाहिले. क्लेम व्हायटिंग मासे पकडून आणायचा, नेरिडा ते पिठात घोळवून तळायची. शेजारच्या कॅरव्हॅनमधली माणसे यायची, माझ्यात डोकावायची. एकाने म्हटले होते, "क्लेम, तुझ्या या घरात बिलियर्ड खेळता येईल रे!" ते ऐकून माझे पत्रे उन्हाशिवाय तापले होते. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. सुख चालू असताना ते मोजायचे भान कोणाला असते?

मग एका उन्हाळ्यात एलिस्टनजवळच्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो. जागा उजवीकडे उतरती होती. ठोकळे लागले. नेरिडा मागे उभी राहिली. क्लेमने गाडी मागे घेतली. तिचा हात हलत होता, ये, ये, ये. माझी चाके ठोकळ्यांवर चढली, माथ्यावर आली, आणि हात हलतच राहिला. मी पलीकडच्या कडेवरून धाडकन खाली आदळले. आत कपाट उघडून बशा फुटल्या.

क्लेम उतरून धावत आला. "थांब का नाही म्हणालीस?"

"म्हणाले ना!"

"अगं, ये ये करत होतीस. मी आरशात बघत होतो."

नेरिडाने आपला हात वर उचलला, तळवा स्वतःकडे वळवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्याच कोणाचा हात आपल्या खांद्याला आला आहे, असे तिचे डोळे म्हणत होते.  क्लेमने बशांचे तुकडे वेचले.

त्यानंतर तशा गोष्टी वाढत गेल्या. नेरिडा चहा करायला उठायची आणि गॅसपाशी नुसतीच उभी राहायची. क्लेमला कधी कधी आपल्या भावाच्या नावाने हाक मारायची. फोनवर ब्रॉन्विन विचारायची, "बाबा, आई कशी आहे?" क्लेम म्हणायचा, "मजेत आहे. समुद्रावर फिरायला गेलीय." नेरिडा तेव्हा माझ्या खिडकीशी बसलेली असायची.

क्लेमने कॅरव्हॅनच्या गर्दीच्या तळांवर जाणे सोडले. जिथे दुसरे कोणी नसेल अशा जागा तो शोधू लागला. बिलियर्डची थट्टा करणारे कोणी आता येत नव्हते. त्याला वाटायचे, लोकांना कळले तर ते सल्ले देतील, हळहळतील, आणि मग नेरिडाला आपल्यापासून घेऊन जातील. तिला जपण्यासाठी त्याने तिला आणि स्वतःला सगळ्यांपासून तोडले. मी दोघांना पोटात घेऊन उभी असायचे, पण मला बोलता कुठे येत होते?

एका संध्याकाळी जेवताना नेरिडा एकदम टेबलाला धरून बसली. "क्लेम, जमीन कलतेय."

"नाही गं. सपाट आहे."

"कलतेय. मी पडेन."

क्लेमने पाणसळ आणून तिच्या पुढ्यात ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध होता. तिने पाणसळीकडे पाहिले आणि ती रडू लागली. तेव्हा क्लेम उठला, बाहेर गेला, माझ्या नाकाशी वाकला. त्याने हँडल थोडे वर फिरवले, मग तेवढेच परत खाली फिरवले. मी होते तशीच राहिले. तो आत आला, हात पुसले आणि म्हणाला, "बघ आता."

नेरिडाने टेबल सोडले. "हं, आता बरं वाटतंय. तू आधीच का नाही बघितलंस?"

"चुकलं माझं," क्लेम म्हणाला.

पुढे रोज संध्याकाळी तो असे करू लागला. हँडल वर, हँडल खाली. माझ्या नाकाचे ग्रीस संपून गेले.

आता मी तुम्हाला त्या दुपारची गोष्ट सांगते. ती सांगताना आजही माझे सांधे करकरतात.

आम्ही एका ओसाड उपसागराकाठी थांबलो होतो. क्लेमने नेरिडाला गाडीत बसवले आणि एकट्यानेच सगळे केले. उतरायचे, चाक बघायचे, परत चढायचे, थोडे मागे घ्यायचे, पुन्हा उतरायचे. माझी डावीकडची दोन्ही चाके ठोकळ्यांवर चढली. त्याने उट्या लावल्या, हातब्रेक ओढला, मला गाडीपासून सोडवले. नेरिडाला पाय मोकळे करायला खाली उतरवले आणि गाडी थोडी पुढे घेण्यासाठी तो आत जाऊन बसला.

नेरिडाने माझ्याकडे पाहिले. दांडा मोकळा, उट्या चाकांना. तिच्या मनात काय आले असेल, ते मला कळते. निघायच्या दिवशी सकाळी उट्या काढायचे काम नेहमी तिचे असे. तिला वाटले, निघायची वेळ झाली. ती माझ्या कडेने चालत आली. तिने एक उटी काढली, मग दुसरी, दोन्ही नीट एकावर एक रचून ठेवल्या. मग पुढे येऊन हातब्रेक सोडला. एकही गोष्ट तिने चुकीची केली नाही, मित्रांनो. फक्त वेळ चुकली. आणि मग ती माझ्यासमोर दोन पावलांवर जाऊन उभी राहिली. तिने गाडीकडे तोंड करून हात उंच केला. सगळं ठीक आहे, चल.

मी ठोकळ्यांवरून घरंगळू लागले.

माझे वजन तुम्हाला ठाऊक नाही. ओढायला मोठी गाडी लागते, एवढे मी जड आहे. माझ्यापुढे ती ठेंगणी बाई पाठमोरी उभी होती. मला थांबायचे होते, पण मला थांबवेल असे काहीच उरले नव्हते. क्लेमला आरशात तिचा वर केलेला हात दिसला आणि त्यामागे पुढे येणारी मी दिसले.

"नेरिडा! बाजूला हो! बाजूला!"

ती हसली. तिने हात आणखी उंच केला.

माझ्या नाकाचे छोटे चाक वाळूत आडवे झाले, मोडले, आणि लोखंडी दांडा जमिनीत घुसला. मी एक हिसका खाऊन थांबले. दांड्याचे टोक नेरिडाच्या पोटऱ्यांपासून वीतभर अंतरावर होते. क्लेम येऊन पोचला तेव्हा तो धापा टाकत होता. त्याने तिला मिठीत घेतले आणि तसाच वाळूत खाली बसला.

"काय झालं?" नेरिडाने विचारले. "निघायचं नाही का आपल्याला?"

"निघायचंय," क्लेम म्हणाला. "घरी निघायचंय."

त्याच दुपारी त्याने ब्रॉन्विनला फोन केला आणि पहिल्यांदा खरे सांगितले.

नेरिडाला त्यांच्या गावातल्या एका शुश्रूषागृहात ठेवले. तिथे तिची चांगली काळजी घेत. क्लेम रोज जाऊन बसायचा. मी घरामागच्या शेडमध्ये उभी होते. माझ्या चाकांची हवा हळूहळू गेली, रबराला भेगा पडल्या, पडद्यांच्या घड्यांत कोळ्यांनी घरे केली. कधी कधी क्लेम दार उघडून आत यायचा आणि टेबलाशी बसायचा. दिवा लावायचा नाही, चहा करायचा नाही. थोड्या वेळाने उठून जायचा. मला त्याच्या येण्याचा आनंद व्हायचा आणि तो गेल्यावर शेड आधीपेक्षा मोठी वाटायची.

एका हिवाळ्यात नेरिडा गेली.

वसंतात क्लेम हवा भरायचा पंप घेऊन आला. नवी चाके, नवे ग्रीस. ब्रॉन्विन फोनवर ओरडत होती, ते मलाही ऐकू येत होते. "बाबा, एकट्याने? या वयात?"

"एकट्यानेच जायचंय," तो म्हणाला. "घरात फार आवाज येतो."

"कसला आवाज? घरात कोणीच नाहीये."

"तोच."

आम्ही निघालो. स्ट्रीकी बे गावाच्या बाजूला एका मोठ्या तळावर दुपारी उशिरा पोचलो. सुट्ट्यांचे दिवस होते, तळ भरलेला होता. आम्हाला मिळालेली जागा अवघड होती. दोन्हीकडून कॅरव्हॅन, मध्ये बोळ, आणि डावीकडे चांगलाच उतार.

मित्रांनो, कॅरव्हॅनच्या तळावर संध्याकाळची एक करमणूक असते. माणसे घडीच्या खुर्च्या बाहेर काढून, हातात थंड बिअर घेऊन बसतात आणि नवा आलेला माणूस आपली कॅरव्हॅन कशी उभी करतो ते बघतात. त्यात दुष्टपणा नसतो. क्लेम आणि नेरिडासुद्धा असेच बघायचे.

क्लेमने ठोकळे ठेवले. गाडीत बसला. मागे घेतली. थांबला, उतरला, माझ्या मागे आला, वाकून पाहिले. परत गेला. गाडीत चढला. थोडी पुढे घेतली. उतरला. एक ठोकळा निसटला होता, तो गुडघ्यांवर बसून सरकवला. परत चढला. एका चाकाने ठोकळा धरला, दुसऱ्याने सोडला. उतरला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. खुर्च्यांमधून कोणीतरी हळूच हसले, कोणीतरी "बिचारा" म्हणाले. पण खुर्ची एकही हलली नाही. एवढी माणसे भोवती असताना इतके एकटे मी त्या ओसाड उपसागराकाठीही पाहिले नव्हते कोणाला.

शेवटी त्याने ठोकळे काढून टाकले, मला तशीच कलती सोडली आणि आत येऊन बसला. पाणसळ बाहेर काढलीच नाही. टेबलावर ठेवलेला कप घसरत कडेपर्यंत गेला. त्याने तो धरला आणि हातातच धरून बसून राहिला.

उजेड असतानाच दारावर टकटक झाली. बाहेर एक जाडा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता.

"मी होर्स्ट लिंडनर. समोरची निळी कॅरव्हॅन माझी. बरोसा खोऱ्यात बेकरी होती." त्याने कागदात गुंडाळलेला पाव पुढे केला. "हा मीच भाजलाय. खाल्लात तर मराल असं नाही."

क्लेमने पाव घेतला. "बघत होतात तुम्ही."

"हो, बघत होतो." होर्स्टने नजर खाली केली नाही. "उठलोही होतो एकदा खुर्चीतून. मग वाटलं, म्हाताऱ्याला राग येईल. माझी बायको गेली, तेव्हा कोणी मदतीला आलं की मला यायचा."

"आला असता मलाही."

"मग बरं झालं ना, आलो नाही ते?"

 क्लेमच्या हातातल्या पावाची ऊब कागदातून बाहेर येत होती.

"नाही," तो म्हणाला. "बरं नाही झालं."

होर्स्टने टोपी काढली आणि परत घातली. "चला मग. अजून उजेड आहे. माझं आयुष्य ओव्हनपुढं ट्रे मागे-पुढे करण्यात गेलंय. तुमचा ट्रे जरा मोठा आहे, एवढंच."

त्यांनी मला पुन्हा गाडीला जोडले. होर्स्टला खुणा काही जमत नव्हत्या. तो दोन्ही हात एकदम हलवायचा, "थोडं... थोडं... अरे देवा, फार झालं!" असे ओरडायचा. क्लेमने त्याला तीनदा चुकीचे ठरवले आणि एकदा शिवी दिली. होर्स्टने उलटी शिवी दिली. नेरिडा गेल्यानंतर क्लेमला कोणाशी भांडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. अंधार पडायच्या आत माझी चारही चाके सारख्या भाराने टेकली.

नेरिडाची जागा होर्स्टने भरून काढली असे मी म्हणणार नाही. ती तशी भरत नाही. रात्री पलंगाची एक बाजू रिकामीच असायची आणि क्लेम आपल्याच कडेला अंग चोरून झोपायचा. पण पुढचे काही उन्हाळे निळी कॅरव्हॅन आमच्या मागून यायची, आणि मुक्कामाला पोचलो की मागे कोणीतरी उभे असायचे.

आता क्लेमही नाही. होर्स्टची नजर अधू झाली, तो मुलाकडे राहतो. ब्रॉन्विनने मला इथे आणले. तिला मला विकवत नाही आणि आत पाऊल टाकवतही नाही. दिवसातून दोनदा ती माझ्या कडेने जाते, खिडकीकडे न बघता. डावीकडची माती पावसाने खचली आहे, तिकडे मी कलते आहे. आतल्या कपाटाचे दार वाऱ्याबरोबर उघडते आणि मिटते. तेवढाच काय तो माझ्या घरातला आवाज.

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की स्वतःसाठी काहीतरी मागतात. रंग द्या, तेल द्या, आम्हाला विसरू नका. मला यातले काही नको. माझे लाकूड आता ओले झाले आहे, त्याचे जे व्हायचे ते होईल. माझी विनंती माणसांसाठी आहे. दोघांचे काम एकटे करणारे माणूस तुम्हाला दिसेल. तळावर दिसेल, शेजारच्या घरात दिसेल, कदाचित तुमच्याच घरात दिसेल. त्याला आवडेल की नाही, याचा विचार करत बसू नका. उठा आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहा. त्याला राग आला तर येऊ द्या. परत येऊन बसायला तुमची खुर्ची तिथेच असते.